मारेनच्या परवान्याचे दहा दिवस

२७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी शून्याखाली अठरा. वारा वायव्येचा. माझ्या कुत्रीला, टेसला, अंगणातसुद्धा जायचं नव्हतं.

दुपारी मारेनचा फोन. बायको आयोन वारल्यापासून चार वर्षांत पोरगी तीनदा घरी आली असेल, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी माघारी. आज म्हणाली, "बाबा, फेझंटच्या शिकारीचा हंगाम कधीपर्यंत आहे?"

"३१ जानेवारी. का गं?"

"मी येते. बाहेरच्या राज्यातल्यांचा परवाना काढलाय. पाच-पाच दिवसांचे दोन हप्ते मिळतात. पहिला परवापासून."

मी म्हटलं, ऑक्टोबरमधली बावळट पिल्लं केव्हाच कढईत गेली. आता उरलेत ते सगळे पदवीधर. गाडीचं दार वाजलं की शेताच्या दुसऱ्या टोकाने उडून जातात.

"मग दार वाजवायचं नाही," ती म्हणाली.

तिची जुनी वीस नंबरची बंदूक काढून तेल दिलं. एकोणचाळीस वर्षांची झाली पोरगी. चौदाव्या वर्षी पहिला नर पाडला होता, तेव्हा ह्याच बंदुकीने.

२९ डिसेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी आली. तोंड बारीक झालंय, पण शिकारीच्या जॅकेटची चेन पोटावर बसेना. मी म्हटलं, "शहराचं खाणं मानवलेलं दिसतंय."

"दिसतंय खरं," ती म्हणाली आणि खुंटीवरचं माझं जॅकेट चढवलं.

दहाच्या आत बंदूक भरायची नाही हा कायदा, म्हणून पावणेदहाला वर्जिल झास्ट्रोच्या पाणथळाशी पिकअप उभा केला. वर्जिल आपल्या कुत्रीला, मिंकला, घेऊन आधीच आलेला. चाळीस वर्षं शेजारी आहे आणि चाळीस वर्षं माझ्या आधी येऊन उभा राहतो, मला उशीर झाला असं म्हणता यावं म्हणून. मारेनला मिठी मारून म्हणाला, "काय गं, बापाला शिकवायला आलीस का नेम कसा धरतात ते?"

"प्रयत्न करते वर्जिलकाका. पण वय झालंय त्याचं."

पाणकणसाचं रान छातीपर्यंत, खाली गुडघाभर बर्फ, त्याखाली गोठलेलं पाणी. या दिवसांत पक्षी उडत नाहीत, पायांनी पळतात आणि टोकाला जाऊन मग भर्रकन उठतात. म्हणून वर्जिल टोकाला उभा राहिला आणि आम्ही वाऱ्याच्या तोंडाने आत शिरलो. मिंक मांजरीसारखी घुसली. टेस मात्र बिघडली. पंचवीस पावलं पुढे राहून रान पिंजणारी ही कुत्री आज मारेनच्या गुडघ्याला चिकटून चालत होती. दोनदा शिट्टी घातली. वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तिथेच. सात वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मी दोन शब्द मोठ्याने बोललो.

"असू दे बाबा," मारेन म्हणाली, "तिला थंडी वाजत असेल."

लॅब्राडोरला थंडी!

दोन नर मिळाले, दोन्ही वर्जिलचे. मारेनने बंदूक उचललीच नाही. अर्ध्या रानातून परत जाऊन पिकअपमध्ये बसली. पूर्वी ही पोरगी मला दमवायची.

३० डिसेंबर, शुक्रवार

आज मक्याच्या कापलेल्या शेताकडेची झाडांची रांग. मला एक नर. पायाचा काटा पाऊण इंच, म्हातारा गडी. मिंकने उठवला. टेसचं तेच चाललंय.

दुपारी पिकअपच्या फळीवर बसून कॉफी. वर्जिलने बियर पुढे केली, मारेनने नको म्हटलं. सॉसेजचे दोन घास खाल्ले, उरलेलं टेसला. वर्जिल म्हणाला, "एवढ्याने चिमणीचं पोट भरत नाही."

"माझं भरतं काका. लगेच भरतं."

परतताना मी टेसला पिंजऱ्यात घालत होतो, तोवर ती दोघं कुंपणाशी बोलत उभी होती. वर्जिलने टोपी काढून हातात धरली होती. या गारठ्यात. मी येताच पुन्हा घातली. विचारलं, काय चाललं होतं? म्हणाला, "कुत्र्यांच्या गोष्टी."

१ जानेवारी, रविवार

चर्चमधून आल्यावर मलईतलं फेझंट केलं, आयोन करायची तसं. मारेनने वासानेच तोंड फिरवलं आणि न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा पांढरीफटक. माफी मागून बसली, एक हात पोटावर.

मग तिनं आईचं विचारायला सुरुवात केली. "आईला पहिल्यांदा काय झालं होतं बाबा? आधी पोट फुगलं की आधी थकवा? डॉक्टरकडे जायला किती दिवस लावले तिनं?"

मी काटा खाली ठेवला. हा विषय निघाला की आम्हा दोघांमध्ये ती दुपार येऊन उभी राहते. आयोन गेली त्या दुपारी शेवटच्या क्षणी मारेन तिच्या उशाशी होती आणि मी टेसला घेऊन पाणथळात. आयोनला झोप लागली होती, म्हणून तासभर जाऊन आलो. दोन नर घेऊन परतलो तर सगळं संपलेलं. मारेनने तेव्हा काहीही म्हटलं नाही, हेच वाईट झालं.

म्हणून मी आज जरा चढ्या आवाजात म्हटलं, "आता ते उकरून काय मिळणार आहे तुला?"

"मला माहिती हवी आहे, एवढंच." आणि ताटं उचलायला लागली.

संध्याकाळी भांडी पुसता पुसता लख्ख प्रकाश पडला. मी किती मूर्ख! बियर नको, वासाने मळमळ, पोट, थकवा, आईची आठवण. आणि टेस! आयोनला दिवस गेले होते तेव्हा आमची तेव्हाची कुत्री रस्टीसुद्धा तिची पाठ सोडत नव्हती. जनावरांना कळतं.

मारेनला मूल होणार आहे.

बाप कोण, विचारणार नाही. नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन वर्षं झाली. आजकाल त्याची गरज नसते म्हणतात. ती आपणहून सांगेपर्यंत गप्प बसायचं. पण आज मी, अर्विड केलस्टाड, वय त्र्याहत्तर, भांडी पुसण्याच्या फडक्याने डोळे पुसले हे इथे लिहून ठेवतो.

३ जानेवारी, मंगळवार

पहिला हप्ता काल संपला. मारेन पहाटेच मिनिआपोलिसला गेली. दोन दिवस "काही कामं" आहेत म्हणाली, उद्या रात्रीपर्यंत परत. काम म्हणजे तपासणी, हे मी ओळखलं.

माळ्यावरून पाळणा उतरवला. ओक लाकडाचा, माझ्या आज्याने केलेला, मारेन त्यातच वाढली. एका बाजूच्या दोन पट्ट्या तडकल्यात. गॅरेजमध्ये हीटर लावून घासायला घेतला.

वर्जिल बर्फ ढकलायचं यंत्र मागायला आला आणि पाळण्याकडे बघत दारातच थांबला. "हे काय रे?"

मला राहवेना. म्हटलं, "कोणाला बोलू नकोस. मारेनला दिवस गेलेत."

वर्जिल माझ्याकडे बघतच राहिला. "तिनं सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? मला काय डोळे नाहीत?"

त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. पाळण्याच्या कडेवरून बोट फिरवलं. नाक शिंकरलं. मग म्हणाला, "अर्विड, तू तिच्याशी बोल. तिनं सांगायची वाट बघू नकोस. आजच फोन कर."

"अरे, बायकांची गोष्ट आहे. तिला हवं तेव्हा सांगेल."

"बोल रे तिच्याशी," एवढंच पुन्हा म्हणाला आणि यंत्र न घेताच गेला. तीन मुलींचा बाप, आणि एकाही नातवंडाला मांडीवर घ्यायला मिळालेलं नाही. वाईट वाटलं असेल. मी उगाच बोललो.

५ जानेवारी, गुरुवार

रात्रभरात सात इंच ताजा बर्फ. याच दिवसाची आम्ही हंगामभर वाट बघतो. ताज्या बर्फात पक्षी पळत नाहीत, दडून बसतात, आणि पायाखालून उठतात.

दुसऱ्या हप्त्याचा पहिला दिवस. मारेनच्या दंडावर सुईचा जांभळा डाग होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तिची काडतुसं माझ्या खिशात घेतली. तिला चालायला सोपं जावं म्हणून मी पुढे राहून पाणकणीस तुडवत गेलो. ती मागून म्हणाली, "आज इतका गोड का वागतोयस?"

"वय झालंय ना माझं."

हसली. खूप दिवसांनी तिचं ते हसू ऐकलं.

मग टेस एकाएकी ताठ झाली. शेपूट ताठ, नाक बर्फाच्या ढेकळाकडे. मारेन एक पाऊल पुढे टाकते न टाकते तोच ढेकूळ फुटलं आणि नर उठला, कॅक-कॅक करत, उन्हात तांब्यासारखा. तिनं घाई केली नाही. त्याला वर जाऊ दिलं, वळू दिलं, आणि एकाच बारात पाडला. टेसने आणून दिला तो माझ्या हातात नव्हे, तिच्या हातात.

तिनं हातमोजा काढला आणि त्याच्या गळ्याच्या पांढऱ्या कड्यावरून बोट फिरवलं. "अजून गरम आहे," म्हणाली. मग खाली बसली. मी म्हटलं, चक्कर आली का? म्हणाली, नाही, बसू दे जरा.

वर्जिल लांबूनच बघत होता. जवळ आला नाही.

६ जानेवारी, शुक्रवार

आज काही लिहिणार नाही.

७ जानेवारी, शनिवार

लिहायला हवं.

काल सकाळी अंडी तळत होतो. तिनं अर्धं अंडं खाऊन बशी सरकवली. मला वाटलं, आता थोडं सोपं करावं तिच्यासाठी. म्हटलं, "खा गं. आता दोघांसाठी खायचंय तुला."

तिनं वर बघितलं. "काय?"

"मला सगळं कळलंय. घाबरू नकोस. मी रागावलेलो नाही, उलट..." आणि तिला हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं. पाळण्यावर तेलाचा पहिला हात वाळला होता. नव्या पट्ट्या जुन्यात मिसळून गेल्या होत्या.

मारेन पाळण्यापाशी उभी राहिली. एका नव्या पट्टीवर तळवा ठेवला, उचलला नाही. मला वाटलं, आनंदाने बोलवत नसेल.

"बाबा," ती म्हणाली, "मूल नाहीये."

"मग?"

"आईला होतं तेच आहे, कॅन्सर. तिथेच. नोव्हेंबरात कळलं. सतराला ऑपरेशन आहे. हे पोट म्हणजे पाणी आहे बाबा, पाणी साठलंय."

मला आठवतं ते असं: हीटर घरघरत होता. मी तो बंद केला. मग खुंटीवरची बंदूक घेतली, टेसला हाक मारली आणि पिकअप काढला. मुलगी गॅरेजमध्ये उभी, आणि मी पिकअप काढला.

पाणथळाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. टेस माझ्याबरोबर आत आलीच नाही, गाडीपाशी बसून राहिली. खिशात हात घातला तर एकही काडतूस नव्हतं. सगळी, माझी आणि मारेनसाठी घेतलेली, आदल्या दिवशीच्या जॅकेटात राहिली होती. एक नर दहा पावलांवरून उठला, मग दुसरा, मग पाच-सहा माद्या. मी नुसता बघत होतो. बोटं बधिर झाली तेव्हा परतलो.

घरात वर्जिल तिच्यासमोर बसला होता. कॉफीचे दोन कप. मला बघून तो उठला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"तीस तारखेपासून."

"आणि मला पाळणा घासू दिलास?"

"मी म्हटलं होतं तुला, बोल तिच्याशी." त्याचा आवाज फुटला. "दोनदा म्हटलं होतं, गाढवा." आणि टोपी विसरून निघून गेला.

मी मारेनला विचारलं, "त्याला सांगितलंस, मला का नाही?"

ती शांतपणे म्हणाली, "कारण तुला सांगितल्यावर तू कुठे जाशील ते मला माहीत होतं. मला हे दहा दिवस तुझ्याबरोबर हवे होते. तू पळून जायच्या आधीचे."

८ जानेवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. सकाळी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती जागी होती, टेस पायथ्याशी.

मी म्हटलं, "तुझी आई झोपली नव्हती."

"काय?"

"त्या दुपारी. मी सगळ्यांना सांगत आलो, झोपली होती म्हणून गेलो. माझ्या या वहीतसुद्धा तसंच लिहिलंय. ती जागी होती. माझ्याकडे बघत होती. मला ते बघवेना. मी तिला म्हटलं, कुत्रीला फिरवून आणतो. तिनं काही म्हटलं नाही. नुसती बघत राहिली. मी बंदूक घेतली."

मारेन उठून बसली. मी वाट बघत होतो, आता बोलेल, चार वर्षांचं सगळं एकदम बोलेल. बोलायलाच हवं होतं तिनं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी खुर्चीत होते बाबा. खोलीतच होते."

मला वाटायचं, मी गेल्यावर ती खोलीत आली. एवढी वर्षं मी हे तिच्यापासून लपवत होतो, आणि ती तिथेच बसलेली होती.

"तिनं नंतर तुझ्याबद्दल विचारलं का, ते विचार ना," ती म्हणाली.

"विचारलं?"

"विचारलं. म्हणाली, त्यानं टोपी घातली का? मी म्हटलं, घातली. मग डोळे मिटले तिनं."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो, कधी हात सुटला नाही. आज चौकट सोडवेना. ती सरकली, पलंगावर जागा केली. मी बसलो. आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो.

९ जानेवारी, सोमवार

तिच्या परवान्याचा शेवटचा दिवस. मी म्हटलं, नको जाऊया. ती म्हणाली, पैसे भरलेत.

वर्जिल आला. तिघं मिळून शंभर शब्द बोललो नसू. तिला चालवत नव्हतं, म्हणून तिला पाणथळाच्या टोकाला वर्जिलच्या जागेवर खुर्ची टाकून बसवलं, मांडीवर घोंगडी, त्यावर बंदूक. टेसला तिच्याजवळ ठेवलं. मी आणि वर्जिल मिंकला घेऊन लांबच्या टोकाने शिरलो. वर्जिल माझ्यापासून तीस पावलांवर, पाणकणसांत फक्त त्याची नवी टोपी दिसत होती.

अर्ध्यावर येऊन तो ओरडला, "अर्विड!"

"काय?"

"काही नाही. आहेस ना, बघत होतो."

"आहे."

टोकाला नऊ नर उठले. नऊ! या हंगामात इतके एकदम बघितले नव्हते. तिनं एक पाडला. दुसरा बार चुकला. आम्ही पोचलो तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि ती शिव्या देत होती, स्वतःच्या दुसऱ्या बाराला, अगदी चौदाव्या वर्षी द्यायची तशा. वर्जिल म्हणाला, "अशा शिव्या ही बापाकडूनच शिकली."

संध्याकाळी वर्जिलने पक्षी साफ केले. मी तिच्या बॅगा भरल्या, आणि माझी एक.

१८ जानेवारी, बुधवार. मिनिआपोलिस

काल सकाळी साडेसातला तिला आत नेलं. टेस वर्जिलकडे आहे. तो दर दोन तासांनी फोन करून टेसने काय खाल्लं ते सांगतो, दुसरं काही विचारायची त्याची हिंमत होत नाही.

दुपारी एकला डॉक्टरबाई बाहेर आल्या. तरुण आहेत. टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. मला एका लहान खोलीत नेलं, आणि त्या खोलीत रुमालांचा डबा बघूनच मी ओळखलं. म्हणाल्या, सगळं काढता आलं नाही. आतड्यांवर आणि यकृतापर्यंत पसरलंय. औषधं देतील. वर्ष, कदाचित दोन. त्याहून जास्त सांगून तुम्हाला फसवणार नाही.

मग म्हणाल्या, "ती शुद्धीवर आली की मी येऊन सांगेन तिला. तुम्ही थोडं बाहेर फिरून या. मोकळी हवा घ्या."

मी म्हटलं, "नको. मी सांगतो. तुम्ही नंतर या, तिला विचारायचं असेल ते विचारेल."

"नक्की?"

"नक्की नाही. पण मीच सांगतो."

तीन वाजता तिनं डोळे उघडले. ओठ कोरडे. मी पाण्यात बुडवलेला स्पंज लावला, नर्सने दाखवला होता तसा. ती माझ्याकडे बघत होती. आयोनने बघितलं होतं तसंच. मी खुर्ची पलंगाला चिकटवली आणि बघत राहिलो.

"सांग," ती म्हणाली.

"सगळं निघालं नाही. आतड्यांवर आहे. यकृतापर्यंत गेलंय."

"किती?"

"वर्ष. कदाचित दोन म्हणाल्या."

तिनं डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी कानांकडे वाहत गेलं. तिच्या हातांना नळ्या होत्या, म्हणून मी चादरीखालून तिचं पाऊल धरलं. थंडगार होतं. दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिलो. ती रडत होती आणि मीही रडत होतो, आणि त्यात काही शहाणपण नव्हतं, धीर नव्हता, मला एकही चांगलं वाक्य सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला भीती वाटतेय बाबा."

"मलाही."

"खूप?"

"खूप."

तिनं मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं.

मग डॉक्टरबाई येऊन गेल्या. मारेनने चार प्रश्न विचारले, मी उत्तरं लिहून घेतली. सूप आलं, ते तसंच परत गेलं.

आठ वाजता नर्स आली. चांगली बाई आहे, दमलेली. म्हणाली, "आजोबा, भेटीची वेळ संपली. तुम्ही आता हॉटेलवर जाऊन पडा. काही झालं तर आम्ही कळवू."

मी काही बोलायच्या आतच मारेन डोळे न उघडता म्हणाली, "बाबा जाणार नाही."

नर्सने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग जाऊन घोंगडी घेऊन आली.